गेजमध्ये अडकलेली पिन

"बाई, गाडी दारात उभी आहे. माल आज गेला नाही तर ऑर्डर गेली." आमचे मालक इतके ओरडले, की शेजारच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली समजून लोकांनी डबे उघडले. तपासणीच्या टेबलावरच्या सुनंदाताई मात्र हलल्या नाहीत. ब्रेकची जी पिन माप तपासायच्या गेजमध्ये अडकेल, ती बाद मालाच्या लाल क्रेटमध्ये. मग फरक केसाएवढा का असेना.

मला वाटलं, उद्या कुठल्यातरी घाटात कुणीतरी ब्रेक दाबेल, गाडी थांबेल आणि तो गाणं गुणगुणत पुढे जाईल. निम्मं जग असं कुणाच्यातरी हट्टावर जगतं. उरलेलं निम्मं ओरडतं.

मालक दमून खुर्चीत बसले.

ताई म्हणाल्या, "साहेब, तो पुढचा ट्रे सरकवा इकडे."