चहाला येणारे डॉक्टर

"नाना, तुमच्या डॉक्टरने धडधाकट हाड कापलं, आणि वर रोज फुकटचा चहा प्यायला यायचा ना!" आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी परवा हे बोलले. डॉक्टरांना जाऊन आठवडाही झालेला नाही. आणि बोलले कुठे, तर ज्या जिन्यावरून घसरून माझ्या उजव्या दंडाच्या हाडाचे कोपराशी तीन तुकडे झाले, त्याच जिन्यात. तिथली फुटकी फरशी त्यांनी अद्याप बदललेली नाही, हेही येथे नमूद करतो.

डॉक्टरांइतका विक्षिप्त आणि तितकाच सच्चा मनुष्य या उपनगराने दुसरा पाहिलेला नाही. माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. ते कोपरे ओळखीत. एका लग्नात नवरदेवाच्या मामाचे कोपर चाचपून "हे माझं काम नव्हे," असे म्हणत ते जेवणाच्या रांगेत निघून गेले होते. राहिला प्रश्न कापलेल्या हाडाचा. सांध्याच्या आतले तुकडे नीट दिसावेत म्हणून त्यांनी कोपराचे टोक जाणूनबुजून कापले, तुकडे जुळवून दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या बसवल्या आणि टोक पुन्हा जागच्या जागी जोडले. "अहो नाना, दार उघडल्याशिवाय घर कसं आवरणार?" हे त्यांचे उत्तर. सेक्रेटरींना शस्त्रक्रियेतले काय कळते? त्यांना फरशीतलेही कळत नाही.

आता चहा. टाके निघाल्यावर डॉक्टर रोज संध्याकाळी घरी येऊ लागले. सूनबाईने कप पुढे केला की म्हणत, "तुमच्या हातचा नको. नाना देतील, उजव्या हाताने." पहिल्या दिवशी अर्धा कप त्यांच्या पँटवर सांडला. मी ओशाळलो, तर ते माझ्यावरच उखडले. "माफी कसली मागता? कोपर वाकलं की नाही? उद्या पुन्हा!" उरलेला चहा ते कडू काढा घ्यावा तसा डोळे मिटून एका घोटात संपवीत. सूनबाईच्या आल्याच्या चहाचा हा अपमान मी केवळ हातासाठी गिळत असे. पुढे पुढे कप भरलेलाच पोहोचू लागला, आणि मग त्यांचे येणेही थांबले. मला मात्र संध्याकाळी दाराकडे पाहण्याची सवय लागून राहिली.

काल त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. वहिनींनी पाण्याचा पेला माझ्या उजव्या हातात दिला. सेक्रेटरींनी त्यांचे एवढेच बोलणे ऐकावे. "चहाचं विचारत नाही, नाना. घरात पावडरच नसते. ह्यांना चहाच्या नुसत्या वासानंसुद्धा मळमळायचं."