पंखा फिरत होता

वैशाली. पीथमपूरच्या कारखान्यातल्या एका फिटरची मुलगी, तेव्हा सहावीत. २००२ च्या अक्षयतृतीयेला, दिवेलागणीनंतर, धारच्या सभागृहात मी तिचं नुकसान केलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. एका बाईंना ठाऊक आहे, पण त्यांनाही मी सांगितलं नाही — त्यांना ते दिसलं.

त्या बाई म्हणजे देवासच्या वसुधाताई. देशासाठी कबड्डी खेळलेल्या. आमच्या इकडे, मध्य प्रदेशात, मराठी मुलं हिंदी शाळांत शिकतात. मराठी पान समोर आलं की अडखळतात, घरचेच हसतात, मग मुलं पुस्तकच मिटतात. त्यांच्यासाठी आम्ही वाचनवर्ग काढला होता, आणि मुलांना धीर द्यायला ताई आपणहून आल्या होत्या. पत्रक मी लिहिलं. पत्रकं मीच लिहायचो — सगळ्या जगाच्या ढोंगावर, मोठ्या टाइपात. त्यात ठोकून दिलं : ताई अस्खलित मराठी वाचतात, तुमची मुलंही वाचतील.

धादांत खोटं. मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. कार्यक्रमाआधी ताईंनी ते पत्रक बोट ठेवून, हळूहळू वाचलं. म्हणाल्या, "भिया," — आमच्याकडे भाऊला भियाच म्हणतात — "हे कोणाबद्दल लिहिलंय? मी तर अटकत अटकत वाचते. आज तशीच वाचणार. पोरांना तेच बघू दे." मी मान हलवली. तेव्हाच पत्रकं परत घ्यायला काय झालं होतं? पण पहिल्या रांगेत समाजाची ज्येष्ठ मंडळी येऊन बसली होती, हातात माझी पत्रकं घेऊन.

ताई वाचायला लागल्या. तेच पान मुलांच्याही हातात होतं. दुसऱ्याच ओळीला ताई अडकल्या. मागे गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा अडकल्या. पहिल्या रांगेतले एक काका पत्रक हलवत म्हणाले, "मैदानात दम लागत नाही म्हणे हिला. इथं चार शब्दांत लागला." लोक हसले. ताईही हसल्या. माइकवर म्हणाल्या, "काका, कबड्डीत मी पकडली गेले की दुसरी चढाईला जायची. चला, पुढचा शब्द कोण घेतंय?"

वैशाली उभी राहिली. वर्गात तिचा आवाज मी कधी धड ऐकला नव्हता. तिनं पानावर बोट टेकवलं, आणि मी — मी तिच्याकडे बघतच नव्हतो. मी काकांच्या हातातलं पत्रक बघत होतो. आता हीही अडखळणार. आता काका माझं "अस्खलित" सगळ्यांना वाचून दाखवणार. मी स्टेजच्या दारामागे होतो, बटणं हाताशी होती. दिवे घालवले. माइक घालवला.

"गेली लाइट," कुणीतरी म्हणालं. त्या दिवसांत आमच्याकडे लाइट गेल्याची शंका कोण घेणार? अंधारात वैशालीचा अर्धाच शब्द ऐकू आला आणि सभागृह खदखदून हसलं. लाइटनं साधलेल्या मुहूर्ताला हसलं — पण हे तिला कसं कळावं?

बसस्टँडवर ताई एवढंच बोलल्या, "पंखा फिरत होता, भिया. माझं पान फडफडत होतं."

आणि दुसऱ्या दिवशी मी काय केलं? वीजवाल्यांच्या विरोधात पत्रक काढलं. मुलांच्या तोंडचे शब्द पळवणारा अंधार, असं काहीतरी. लोकांना फार आवडलं.

वैशाली वर्गाला परत आली नाही. शाळा उघडल्यावर मी पीथमपूरला गेलो. वडील शिफ्टच्या बससाठी निघालेच होते. म्हणाले, "सर, ती म्हणते मी तोंड उघडलं की लोक हसतात. आता शाळेतही वाचत नाही." दाराच्या पडद्याखाली तिचे पाय दिसत होते. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "काय करणार, लाइटचा भरवसाच नाही." — आणि निघालो.

पुढे ते घर सोडून गेले. कुठे, मला माहीत नाही. या गोष्टीला सात वर्षं झाली; ती आता अठरा वर्षांची असेल. तुम्हाला कुठे भेटली, तर तिला वाचनवर्गाच्या सरांचा निरोप सांगा : त्या दिवशी लाइट गेली नव्हती, मी घालवली होती. जमलं तर सांगा, असं नाही. सांगाच.