सभेच्या गर्दीत किसन

वीरेश्वराची शपथ, यातलं अक्षरन्‌अक्षर खरं आहे. म्हणजे एक जागा सोडून. ती कुठली ते शेवटी सांगतो. आत्ता सांगितली तर तुम्ही तिथेच बोट ठेवून बसाल.

मी तेव्हा तंबूतल्या सिनेमाचा ऑपरेटर होतो. दिवाळीनंतर महाड, मग पोलादपूर, पावसाआधी तंबू गुंडाळायचा. या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. रीळ तुटलं की ऑपरेटर फाटका तुकडा कापतो, दोन टोकं चिकटवतो आणि तुकडा खिशात टाकतो. मोसम संपेपर्यंत खिसा फुगतो. किस्से तसेच.

*

एका वर्षी पोलादपुरात राजकारणाचा सिनेमा आला. भर सभेत मंत्र्याला गोळी लागते आणि खुनी कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. मला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. दिल्लीत कोण बसलंय ते मला विचारू नका. तिसऱ्या रिळात कोण मरतंय ते विचारा! पण त्या सिनेमाने मलाही धरून ठेवलं. पाठ असूनही मी मशीनच्या भोकातून डोळा काढत नसे.

आमचे मालक बाबाशेठ. राजकारण म्हटलं तर कोणी फिरकणार नाही, म्हणून त्यांनी तंबूवरच्या पोरांना बैलगाडीवर कर्णा बांधून ओरडत फिरायला लावलं, “भुताचा सिनेमा!” तंबू भरला. मध्यंतर झालं तरी भुताचा पत्ता नाही. पुढे बसलेल्या एका म्हातारीने शेठना हटकलं, “भूत कवा येतंय?”

शेठ म्हणाले, “आजी, मघापासून भाषण कोण करतंय?”

नंतर मंत्री दिसला की म्हातारी पदर तोंडावर ओढायची.

*

धोंडूदादा आमचा दरवान, शिवथरचा. दारावरचं काम उरकलं की पडद्यामागे जाऊन बसे. पडद्यावर पाणी मारलेलं असलं की मागूनही चित्र दिसतं, फक्त उलटं. पुढे जागा नसली की बरीच मंडळी तिकडेच बसत.

त्या सिनेमात गोळी झाडताना खुन्याचा फक्त हात दिसतो. पुढच्यांना उजवा, मागच्यांना डावा. मागच्यांनी गावभर केलं, खुनी डावखुरा! झालं. गणू न्हावी डावखुरा. आठ दिवस त्याच्या वस्तऱ्याखाली कोणी गळा दिला नाही. गणू रडकुंडीला आला, तेव्हा धोंडूदादा स्वतः त्याच्यापुढे बसला आणि दाढी करून उठला.

“हात बरा हाय तुझा,” म्हणाला. “पर डोळं मी उघडंच ठेवलं व्हतं.”

*

वरच्या वाडीतले रामातात्या गुरं राखणारे. त्यांचा पोरगा किसन मुंबईला गेला होता आणि वर्षभर त्याचं पत्र नव्हतं. भावकी मागे लागली होती, की शिमग्यापर्यंत वाट बघा, नाही आला तर क्रियाकर्म उरकून टाका. तात्या गुरं घेऊन डोंगराकडे निघून जात. त्यांची बायको तर सुतकात घालतात तसा घरातला आरसा पालथा घालून बसली होती.

कोणीतरी विरंगुळा म्हणून तात्यांना सिनेमाला आणलं. मंत्री काय बोलतो याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. सभा सुरू झाली आणि ते ताडकन उभे राहिले. गर्दीत, पार मागे, दिव्याच्या खांबाजवळ एक पोरगा एक हात डोक्यावर ठेवून उभा होता.

“आमचा किसन हाय त्यो. गुरांना हाक मारताना असाच उभा ऱ्हातो.”

लोकांनी खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तात्या डोंगर उतरून पुन्हा हजर.

*

चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले. हळू आवाजात म्हणाले, “रोज एक रांग पुढं येतोय.”

मी समजावलं, की तात्या, रीळ तेच असतं, त्यातलं माणूस हलत नाही. मग त्या संध्याकाळी मी नीट पाहिलं. पोरगा खांबाच्या पुढे आला होता.

मी कोणाला बोललो नाही. धोंडूदादालाच सहज विचारलं, मागून तुला काय दिसतं? तो विडी विझवत म्हणाला, “त्या हात डोक्यावरच्या पोराचं म्हंतोस? माझ्यापासनं लांब चाललाय.”

आठव्या दिवशी किसन दुसऱ्या रांगेत होता. त्याच्यापुढे एकच रांग, तिच्यापुढे मंत्री आणि मंत्र्याच्या दिशेने येणारी गोळी. तात्यांनी त्या दिवशी सोबतची भाकरी सोडलीसुद्धा नाही. जाताना एवढंच म्हणाले, “उद्या काय व्हईल रे?”

*

दुसऱ्या दिवशी सभा आली, मंत्री आला, गोळी सुटली. किसन कुठेच नव्हता.

मला वाटलं म्हातारा कोसळणार. तात्या उठले, घोंगडी झटकली. “निघाला त्यो,” म्हणाले आणि थेट येष्टीच्या थांब्यावर जाऊन बसले. सकाळच्या मुंबईच्या गाडीतून किसन उतरला. वाळून काठी झालेला. शिमगा दोन दिवसांवर होता.

तो वर्षभर मुंबईच्या दवाखान्यात होता. कुठल्या सिनेमात उभा राहिलास, असं विचारलं तर हसला. म्हणाला, “मला उठून बसवतसुद्धा नव्हतं. बरं वाटाय लागलं तशी दवाखान्यातली माणसं माझी खाट रोज एकेक जागा दाराकडं सरकवत व्हती.”

*

आता ती बनवलेली जागा. किसन आपोआप नाहीसा झाला, हे मी घुसडलं. त्या दिवशी खेळाआधी मीच सभेचा तो तुकडा कात्रीने कापला होता. भिंगातून बघायची हिंमत झाली नाही, अंदाजाने कापला. पोरगा गोळीच्या वाटेत यायला नको, एवढंच डोक्यात होतं.

तात्या पोराला घेऊन वाडीची चढण चढू लागले, तेव्हा खिशातला तो तुकडा काढून उजेडावर धरला. मंत्री होता. दिव्याचा खांब होता. पहिल्या रांगेत माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती आणि मधोमध एका माणसापुरती जागा रिकामी होती.