फेस्टीचे बूट

आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात बायका म्हणायच्या, "इमेल्डाला सांगितलं म्हणजे विहिरीत टाकलं." इमेल्डा टार्पी केस कापायची, धुवायची, रंगवायची. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या पोरीला दिवस गेलेत, सगळं तिच्या कानावर यायचं आणि तिथंच राहायचं.

तिचं स्वतःचंही तिथंच राहिलं होतं. तिचा भाऊ फेस्टी शेवंडं धरायला समुद्रावर जायचा. एका सकाळी धक्क्याच्या टोकाला त्याचे बूट नीट जोडीनं ठेवलेले दिसले आणि शेजारी घडी केलेलं जाकीट. तिथं पहिली पोचली ती इमेल्डा. पाय घसरून पडणारा माणूस आधी बूट काढून ठेवत नाही, हे तिला क्षणात उमगलं. तिनं बुटांत दगड भरले, जाकिटात गुंडाळले आणि सगळं पाण्यात सोडलं. पुढं प्रेत सापडलं. पाय घसरला, असं पोलिसानं लिहिलं. पाद्र्यानंही वेदीवरून तेच सांगितलं, आणि त्यांची आई नोनी त्या दोन शब्दांना धरून जगली.

बऱ्याच वर्षांनी डर्वला गकियन नावाची नाटककार डब्लिनहून येऊन गावात भाड्यानं राहिली. केस कापायला यायची. समोरचा गप्प झाला तर तीही गप्प बसायची, घाई नाही. एका दुपारी दुकानात दुसरं कुणी नव्हतं आणि इमेल्डा बोलून गेली. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं तिला.

"मी यावर लिहू का?" डर्वलानं विचारलं. "नावं बदलेन."

"आई आहे गं माझी अजून."

"त्यांना कळणार नाही. माझ्यावर सोडा."

इमेल्डा हो म्हणाली नाही. पण नाहीही म्हणाली नाही.

नाटक डब्लिनमध्ये गाजलं आणि मग गावच्या सभागृहात आलं. धाकट्या बहिणीनं, मजेलानं, हौसेनं आईची जागा पुढच्या रांगेत धरली. "आई, तुला एवढं बसवायचं नाही," असं इमेल्डानं परोपरीनं सांगून पाहिलं.

"मेल्यावर पडायचंच आहे," नोनी म्हणाली. "आज बसते."

डर्वलानं केस कापणारीची शिंपीण केली होती, फेस्टीचा मायकल केला होता. बूट मात्र बूटच ठेवले होते. शेवटी नाटकातली म्हातारी लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "मला पहिल्यापासून ठाऊक होतं, पोरी." सभागृहात हुंदके फुटले. मग मागच्या रांगांतल्या माना हळूहळू टार्पींच्या बाजूला वळल्या.

घरी आल्यावर नोनीनं कोट काढला नाही.

"कुठं टाकलेस?"

"काय, आई?"

"बूट."

"धक्क्याच्या टोकाला."

नोनी कोटासकट चुलीपाशी बसली. "दर रविवारी त्याच्या थडग्यापाशी उभी राहून मी त्याला रागावते. बघून चालायला काय झालं होतं, गाढवा, म्हणून. तू माझ्या शेजारी उभी असायचीस. ऐकायचीस."

त्यानंतर ती इमेल्डाशी बोलली नाही. चहासुद्धा मजेलाच्या हातचा घ्यायची. ईस्टरच्या आधी गेली. गावातल्या प्रत्येक मेलेल्या बाईचे केस इमेल्डानं विंचरले होते. आईचे विंचरायला मजेलानं कासलबारहून बाई बोलावली.

डर्वला अंत्यदर्शनाला आली. दाराशीच म्हणाली, "मी नावं बदलली होती, इमेल्डा."

"शेवट कशाला बदललास?"

"तेव्हा तुमचा शेवट झालाच नव्हता. आणि लोकांना नाटकानंतर घरी जायचं असतं. काहीतरी हातात देऊनच पाठवावं लागतं."

"मला काय दिलंस?"

डर्वला रडायला लागली. इमेल्डानं तिला खुर्ची दिली, चहा दिला, हॅमचं सँडविच पुढं केलं. प्रेत घरात असताना दारी आलेल्याला द्यायचं असतं.

नाटक पुढं गॉलवेला गेलं, कॉर्कला गेलं. म्हातारी लेकीला जवळ घेत राहिली.

दुकानात बायका येत होत्या, पण आरशासमोर बसल्या की हवापाण्याचं बोलायच्या. "वारा सुटलाय." "सुटलाय खरा." एवढंच. जिचं स्वतःच्या पोटात राहिलं नाही, तिच्याकडं कोण काय ठेवणार? एकेक करत त्या दुसरीकडं जाऊ लागल्या आणि हिवाळ्यात इमेल्डानं दुकान बंद केलं. मजेला रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूला जाते. पहिल्यांदा इमेल्डानं हाक मारून पाहिली होती. आता मारत नाही.