रजिस्टरातली शेतमजूर

तपासणीच्या दिवशी कारखान्याच्या साहेबानं आम्हा आठ बायांना गोदामाच्या मागं नेलं आन् प्रत्येकीच्या पुढ्यात एक खुरपं टाकलं. हातात दिलं न्हाई. टाकलं.

"बसा. गवत काढा. कोणी विचारलं तर सांगायचं, आम्ही शेतात काम करतो."

मागं कंपनीचा कपाशीचा तुकडा होता. अकरा वर्षांत मी तिथं एकदाही गेल्ते न्हाई. माझं काम आतलं. जालन्याच्या ह्या बियाण्याच्या कारखान्यात बी निवडायची मशीन मी चालवायचे. पाटा हलतो, खालून वारा येतो, हलकं बी एकीकडं जातं, भरलेलं एकीकडं. वारा किती सोडायचा, पाटा किती कलता ठेवायचा, मला नुसत्या आवाजावरून कळतं. नवे ऑपरेटर आले, त्यांना मीच शिकवलं. कागदावर ते कुशल कामगार. मी शेतमजूर.

हे कळलं लेकीच्या वसतिगृहाच्या फॉर्ममुळं. कंपनीचा दाखला मागितला, त्यावर तसं लिहून आलं. मी वडीगोद्रीची, सातवी झालेली. वाचता येतं. साहेबाला विचारलं तर तो हसला. म्हणला, बी शेतातच उगवतं ना, मंग तुम्ही शेतमजूरच.

माझ्यासोबत काम करणाऱ्या शमीमआपाला घेऊन मी कामगार कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी बसवून समजावलं. कमीत कमी पगाराचा दर सगळ्यांना एक नसतो. शेतमजुराचा कमी, कारखान्यातल्याचा जास्त, त्यातही कुशल वेगळा, अकुशल वेगळा. पण माणूस रोज काय काम करतो ते बघून दर लागतो. मालकानं रजिस्टरात काय लिहिलं ते बघून न्हाई. आम्ही दोघींनी तिथंच अर्ज दिला. त्याच अर्जावर तपासणी आल्ती.

आन् आम्ही खुरपत बसलो. मीसुद्धा. दहा-पंधरा मिनिटं खाली मान घालून गवत काढलं, हे मला लपवायचं न्हाई. नवरा गेल्यापासून घर ह्याच नोकरीवर चाललेलं. खुरप्याची लाज न्हाई, माझ्या आईनं जन्मभर तेच केलं. लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. अकरा वर्षांचं शिकलेलं एका माणसानं पुसून टाकलं आन् मी त्याला पुसू देऊन राह्यले.

आतून मशीनचा आवाज येत होता. वारा जास्त सोडलेला. चांगलं बी कचऱ्यात चाललेलं.

मी उठले. शमीमआपा म्हणाली, "जा तू. मैं आती पीछे."

आत तपासणी अधिकारी रजिस्टर उघडून उभे होते. साहेबानं दात आवळून सांगितलं, "बाहेर हो." मी सरळ मशीनवर चढले. वारा कमी केला, पाटा थोडा उचलला. मशीनचा आवाज जाग्यावर आला. अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्ही कोण.

"ही मशीन मी चालवते. अकरा वर्षं झाली. तुमच्या हातातल्या कागदावर मी शेतमजूर आहे."

साहेब म्हणला, अडाणी बाई आहे, उगं हात लावते. अधिकारी मशीनपाशी उभ्या ऑपरेटरकडं वळले. मीच शिकवलेला माणूस तो. तो बाजूला सरकून पोती मोजायला लागला. मंग अधिकाऱ्यानं मलाच विचारलं, वारा का कमी केला. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. बाकीच्या बाया कुठं आहेत, तेही मी बोट करून दाखवलं.

मागून शमीमआपा आली. बाकीच्या सहाजणी उठल्या न्हाईत. मी त्यांना नावं ठेवत न्हाई.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना गेटवरूनच परत धाडलं. आता मी एका मेसमध्ये पोळ्या लाटते. सुनावणी चालू आहे. मागच्या आठवड्यात साहेबानं माणूस पाठवला. अर्ज मागं घे, कामावर ये, शेतमजूर काढून अकुशल कामगार लिहितो.

मी त्याला दारातच सांगितलं, "मला काम येतं. ज्या कागदावर कुशल लिहिलेलं असंल, त्यावरच सही करीन."

पुढची तारीख लागली आहे. शमीमआपा येणार आहे. ती न्हाई आली तरी मी जाणार आहे.