काकूंच्या गच्चीवरचं ऊन

"खालच्यायच्या खोलीत गेलं का ओल्या पोत्यासारखा वास येते बाप्पा," काकू म्हणाल्या.

मी गेटवर गोधडी टाकत होते. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. त्या वरच्या मजल्यावर राहतात आणि त्या वेळी गॅलरीत उभ्या राहून पाहुण्या म्हणून आलेल्या जाऊबाईंशी बोलत होत्या. खाली मी आहे हे त्यांना दिसत नव्हतं.

"मंग सांगत काऊन नाही त्यायले?" जाऊबाईंनी विचारलं.

"काय सांगू? माय बिचारी चांगली हाय. पोरगी तं बोलतच नाही. इंग्रजी शाळेत शिकली, आता तसल्याच शाळेत शिकवते. नमस्ते म्हणते न् खाली पाहून निंगून जाते. वर ये म्हटलं तं येत नाही. आपलं घर चालत नसन तिले."

गोधडीचं टोक हातात धरून मी तशीच उभी राहिले. वासाबद्दल मला वाईट वाटलं नाही. वास होताच. माझ्या ओढणीला होता, पर्समधल्या रुमालाला होता. शाळेत एखादं मूल जवळ येऊन वही दाखवू लागलं की मी किंचित मागे सरकायचे. पण आपलं घर चालत नसेल तिला, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा मनात ऐकलं. आमच्या खोलीत हेच वाक्य आई काकूंबद्दल बोलायची.

बुलढाण्यात घरं उतारावर बांधलेली असतात. पुढून दुमजली दिसणाऱ्या घराचा मागचा भाग टेकडीच्या मातीत रुतलेला असतो. आमची खोली त्या मागच्या भागात आहे. जूनमध्ये मला नोकरी लागली, आम्ही खोली पाहिली, तेव्हा ती गार आणि छान वाटली होती. पावसाळाभर मातीने पाणी प्यायलं आणि थंडी सुरू झाल्यावर ते हळूहळू भिंतीतून आत दिलं. आधी रंग फुगला. मग लोणा फुटला, पांढरा, बोट लावलं की पिठासारखा झडणारा. मग खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले. आईने आमच्या बुद्धवंदनेच्या तसबिरी त्या भिंतीवरून काढल्या आणि दाराच्या वरच्या बाजूला लावल्या. "त्यायले ओल नको लागाले," ती म्हणाली. तिच्या अंथरुणाला मात्र तीच भिंत उरली, कारण दुसऱ्या बाजूला ओटा आणि मोरी होती.

आईला दम्याचा त्रास आधीपासून थोडा होता. डिसेंबरमध्ये तो वाढला. डॉक्टरांनी पंप दिला आणि म्हणाले, "अंथरूण कोरडं ठेवा. सकाळचं ऊन द्या यांना." जणू तेही खालच्या मेडिकलमध्ये मिळणार होतं.

आम्ही हीटर आणला. लाल तारांचा, फिरत्या मानेचा. तो लावला की वरच्या मजल्यावरचे दिवे मंद होत, कारण वीज त्यांच्याच मीटरवरून आमच्या छोट्या मीटरमध्ये येत होती. पहिलं बिल आल्यावर आईने हीटर पुन्हा खोक्यात घातला आणि खोक्यावर टेबलक्लॉथ अंथरला. माझ्या पगारातून भाडं, औषधं आणि किराणा होत होता. हीटर त्यात बसत नव्हता.

मग बाबांनी गावाहून पऱ्हाट्या पाठवल्या. आमचं गाव सुलतानपूरच्या पुढे. बाबा शेतीसाठी तिथेच राहिले होते आणि आई माझ्यासोबत आली होती. कपाशी निघाल्यावर उरलेल्या वाळक्या काड्यांचा तो भारा एसटीतून आला. तो उतरवून घ्यायला मी स्टँडवर गेले, तर कंडक्टर म्हणाला, "मॅडम, बुलढाण्यात गॅस बंद झाला काय?" मागच्या सीटवरचा कोणी म्हणाला, "हुर्ड्याचा प्रोग्राम असन बे. आपल्याले नाही बोलावलं." सगळे हसले. मीही हसले असते, पण मला वेळेवर हसता येत नाही.

आईने दारात घमेल्यात पऱ्हाट्या पेटवल्या. गावाकडे अंगणात हेच केलं की बाजूच्या बायका येऊन बसत, हात शेकत, धूर वर जाई. इथे वर जायला जागा नव्हती. धूर आत फिरला, आईला खोकल्याची उबळ आली, आणि वरून घरमालक काकांचा आवाज आला, "अहो, कपडे वाळत हायेत इथं." आईने घमेलं मोरीत उलटं केलं. उरलेला भारा अजून पलंगाखाली आहे.

त्यानंतर मी झोपण्याआधी गोधडीला इस्त्री करू लागले. वाफ निघायची, खोलीला तो वास यायचा, पण गोधडी तेवढा वेळ गरम राहायची आणि आई त्या गरमपणात पटकन शिरायची. "गोधडीले इस्तरी करते माही लेक," ती अंधारात म्हणायची. "एवढी सायबी तं कलेक्टरच्या घरीबी नसन."

शाळेत असताना आमच्या इंग्रजी पुस्तकात एक चित्र होतं. बाहेर बर्फ, आत विटांची शेकोटी, समोर झोपलेलं मांजर. मला तेव्हा त्या घराबद्दल काही वाटलं नव्हतं. आता वाटायचं. पण त्याहून जास्त मला आमच्या गावचा ओटा आठवायचा. थंडीत सकाळी ऊन आधी कडुनिंबाच्या शेंड्यावर येई, मग गोठ्यावर, मग ओट्याच्या एका टोकाला. आई कामं त्याच क्रमाने लावायची. तूर निवडायची ती ऊन ओट्यावर आल्यावर, केस धुवायचे ते ऊन मध्यापर्यंत आल्यावर. त्या उन्हाला आम्ही कधी काही म्हटलं नाही. ते आमचंच होतं.

बाबांचा रोज फोन यायचा. "ओल हाय अजून जमिनीत," ते खुशीत सांगायचे. "हरभरा मस्त हाय यंदा."

"इथंबी हाय ओल," आई म्हणाली. "भिंतीत पेरून टाका काहीतरी."

ते हसले नाहीत. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं. मग बाबा म्हणाले, "ह्या रविवारी येतो मी. चाल घरी. तिथं निदान ऊन तं हाय."

त्यांचं बरोबर होतं. पण आई गेली की मलाही जावं लागणार हे न बोलता ठरलेलं होतं. एकटी मुलगी भाड्याच्या खोलीत राहणार नव्हती. मी दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. त्या मुलांसमोर माझा आवाज फुटायचा. दुसरीकडे कुठेच फुटत नसे. फोन ठेवल्यावर मी आईला म्हटलं, "तुला जायचं असेल तर आपण जाऊ."

"मले नाही जाचं," आई म्हणाली. "तू सकाळी पर्स घेऊन जातं तवा मी दारात उभी राह्यतो. मले तेवढं पाहाले भेटते." मग तिने पंप ओढला. "ऊन असतं थोडं, तं काईच अडलं नव्हतं."

ऊन डोक्यावरच होतं. काकूंची गच्ची सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात असते. गेटमधून पाहिलं की वर त्यांच्या गाद्या, उशा, वाळत घातलेली मेथी दिसते. पण गच्चीचा जिना बाहेरून नाही. तो त्यांच्या स्वयंपाकघरातून जातो, आणि त्या जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ त्यांचे देव आहेत. खोली घेताना आमचं आडनाव त्यांनी विचारलं होतं, आम्ही सांगितलं होतं, त्यांनी चावी दिली होती. त्यापुढे कोणी काही बोललं नाही. आई मात्र म्हणायची, "त्यायच्या देवाजवळून जा लागते. आपण काऊन विचारावं? त्यायले चालत नसन. नाही म्हणतीन तं रोज तोंड पाहा लागते." संक्रांतीचं वाण घ्यायला काकूंनी वर बोलावलं, तेव्हा आई दम लागतो म्हणून गेली नाही. मी मीटिंग आहे म्हणून गेले नाही. काकूंनी तिळगूळ वाटीत घालून खाली आणून दिला. मी दारातच वाटी घेतली आणि थँक यू म्हटलं.

आईला मिळायचं ते ऊन गेटबाहेरचं. सकाळी शेजारच्या दोन घरांच्या मधून एक पट्टा रस्त्यावर पडतो आणि सरकत नाहीसा होतो. आई प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन त्याच्यासोबत सरकायची. येणारे-जाणारे विचारायचे, "काय मावशी, वाट पाहून राह्यल्या का कोणाची?" ती म्हणायची, "हाव. सूर्याची."

त्या रविवारी बाबा दुपारच्या गाडीने येणार होते. जायचं नव्हतं तरी आईने पिशवी भरून ठेवली होती. मी गेटवर गोधडी टाकत असताना ती खुर्ची घेऊन बाहेर आली, तर पट्ट्याच्या जागी शेजाऱ्यांच्या पाहुण्यांची गाडी उभी होती. पांढरी, मोठी. सगळं ऊन तिच्या टपावर. आईने खुर्ची इकडे ठेवून पाहिली, तिकडे ठेवून पाहिली. मग सावलीतच बसली आणि शालीचं टोक नाकावर घेतलं. तिची छाती वाजत होती. तेवढ्यात वरून काकूंचं ते बोलणं कानावर पडलं, आपलं घर चालत नसन तिले.

मी गोधडी गेटवर तशीच सोडली आणि जिना चढले. बाहेरचा जिना, काकूंच्या दारापर्यंतचा. सात महिन्यांत भाडं द्यायलाही आईच चढली होती. दार उघडं होतं. काकू आणि जाऊबाई आता आत येऊन तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मधे परात. त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या टोकाला, तो जिना, पहिल्या पायरीजवळ देव, आणि वरच्या पायऱ्यांवर उतरलेलं ऊन. इतकं जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

काकूंनी मान वर केली. आपलं बोलणं खाली ऐकू गेलं हे त्यांना लगेच कळलं असावं, कारण त्यांनी शेंग सोलायची थांबवली.

"ये नं. बिलाचं काही होतं काय?"

"नाही," मी म्हटलं. "काकू, मला एक विनंती करायची होती."

"इनंती?" काकूंनी जाऊबाईंकडे पाहिलं. "अर्जच आणला का काय तू? बस आधी."

जाऊबाई हसल्या. त्यात टोचणं नव्हतं, पण माझं पुढचं वाक्य हरवलं. मी ते जिना चढताना नीट लावलं होतं. त्यात 'परवानगी' होतं, 'गैरसोय' होतं. शाळेत मराठी बोललं की ओरडा मिळायचा, आणि घरी मी बोलायचे ते मराठी पुस्तकातलं. आईच्या बोलीत मी कधी कोणाला काही मागितलं नव्हतं. खालून खोकल्याचा आवाज आला. तो इथे इतका स्पष्ट येतो हेही मला माहीत नव्हतं. काकूंनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातातली शेंग परातीत ठेवली. मी बसले नाही. उंबऱ्याच्या बाहेर चपला काढल्या, एक पाय आत ठेवला, आणि म्हटलं,

"काकू, माह्या मायले तुमच्या गच्चीवर उनात बसू द्यान का?"