दुखानची सुकेळी

हॅरी डाबरे चोवीस वर्षं कतारमधल्या दुखानला राहून पाण्याशी वैर करत आला होता. तिथल्या गॅस प्लांटमध्ये तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. पाइपातून जाणाऱ्या गॅसमध्ये पाण्याची वाफ किती उरली ते मोजायचं आणि आकडा जरा वर चढला की आरडाओरडा करून सगळ्यांना कामाला लावायचं, ही त्याची नोकरी. कोरडा गॅस तो चांगला गॅस. इतकं सोपं तत्त्वज्ञान असलेला माणूस सहसा सुखी असतो. हॅरीही होता, नऊ वर्षांपूर्वी त्याची बायको मार्था जाईपर्यंत. त्यानंतर तो नुसता वेळेवर असायचा.

अशा माणसाने छप्पन्नाव्या वर्षी प्रेमात पडावं हे बरं दिसतं का? नाही दिसत. पण तो पडला, आणि पडला तोही चर्चमधल्या मिस्सानंतरच्या चहाच्या रांगेत.

शुक्रवारच्या मिस्साला तो ऐंशी किलोमीटर गाडी हाणत दोह्याला यायचा. मे महिन्यात एकदा रांगेत त्याच्यापुढे क्रिस्टीना तुस्कानो उभी होती. मूळची वसईकडच्या आगाशीची, इथे हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डची सिस्टर, राहायला दोह्यातल्याच अल मन्सूऱ्यात. वय पन्नास. धाकट्या भावंडांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलेलं, आणि त्याबद्दल तक्रार शून्य. कुणीतरी खजुराचं ताट पुढे केलं, तशी ती म्हणाली, "खजूर खाऊन खाऊन जीभ कंटाळली हो. एकोणीस वर्षं झाली, आईच्या हातचं असतं तसं सुकेळं दाताखाली आलं नाही. आता ऑक्टोबरअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतं. मग भावाकडे मेलबर्नला. म्हणजे खलासच."

वसईबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. सुकेळी म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून, आठ-आठ दिवस उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या सोपटात बांधून ठेवलेला खाऊ. रंग तांबूस, चव मधाची, चावताना चिवट आणि आत मऊ.

हॅरीही वसईकडचाच, नंदाखालचा. सुकेळी त्याने जन्मभर खाल्ली होती, केली कधीच नव्हती. पण 'मेलबर्न' ऐकून त्याच्या तोंडातून शब्द गेले, "मी देतो ना करून! आमच्या दुखानला उन्हाला काय तोटा?"

"तुम्ही?" क्रिस्टीनाने त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत पाहिलं आणि ती हसली. त्या हसण्याने हॅरी परतीच्या वाटेवर दोनदा चुकला. रस्ता सरळ आहे, वळणं नाहीत, तरी चुकला.

ऑक्टोबर संपायच्या आत तिला सुकेळं खिलवायचं आणि मग मनातलं विचारायचं, असं त्याने ठरवलं. नुसतं विचारून टाकायला काय हरकत होती, असं कुणीही म्हणेल. पण रिकाम्या हाताने विचारायची त्याला लाज वाटत होती.

अल मन्सूऱ्यातल्या मल्याळी दुकानात नेंद्रन केळी मिळतात. ती म्हणजे आपल्या राजेळीची सख्खी बहीणच. जूनमध्ये हॅरीने दोन डझन आणली, सोलली आणि गच्चीवर जाळीवर मांडली. तापमान पंचेचाळीस, वारा भट्टीतला, हवेत ओलावा जेमतेम बारा टक्के. दोन दिवसांत केळी काळी ठणठणीत! हॅरी खूश. गॅस असता तर साहेबाने पाठ थोपटली असती. मग त्याने एक कापलं. बाहेर लाकूड, आत आंबलेला चिखल.

शेजारचा शिवराज हे सगळं भिंतीवरून बघत होता. लातूरचा पोरगा, कंट्रोल रूममध्ये कामाला, जिभेला हाड नाही. "काका, हे काय करायलाव? केळी भाजायलाव का जाळायलाव?"

"तुला काय कळतं? वसईचा खाऊ आहे."

"अन् हे कुणासाठी?"

हॅरी उगाच जाळी सारखी करू लागला. शिवराजला तेवढं पुरलं. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," तो म्हणाला आणि त्या दिवसापासून रोज चौकशीला येऊ लागला.

ऑगस्टमध्ये दुसरी खेप. वाळवंट म्हणजे कोरडं, असं ज्याला वाटतं त्याने ऑगस्टात दुखानच्या किनाऱ्यावर उभं राहावं. दारातून पाऊल बाहेर टाकलं की चष्म्यावर धुकं. ओलावा पंच्याऐंशी टक्के. तिसऱ्या सकाळी केळ्यांना हिरवी लव फुटली होती. शिवराज म्हणाला, "काका, ह्यांची दाढी करा आता."

सप्टेंबरात हॅरी चिडला. त्याने ओलावा शोषणारं मशीन विकत आणलं, बेडरूमची दारं-खिडक्या बंद केल्या, केळी आत ठेवली आणि स्वतः सोफ्यावर झोपायला लागला. आठ दिवसांत पाण्याचा टिपूस शिल्लक ठेवला नाही. झाली ती सुकेळी अशी, की शिवराजने त्यातल्या एकाने भिंतीत खिळा ठोकून दाखवला आणि त्यावर कॅलेंडर टांगलं.

शेवटी हार मानून हॅरीने एक नग रुमालात गुंडाळला आणि शुक्रवारी क्रिस्टीनाच्या हातात ठेवला. तिने तो टेबलावर आपटला. टक्क.

"हे काय, प्लास्टर?" असं म्हणून ती हसायला लागली, ती थांबेचना. डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही खरंच केलंत? मला वाटलं, नुसतं बोललात."

"तीनदा केलं," हॅरी रडवेला होऊन म्हणाला. "पाणी काढतोय हो मी. सगळं काढलं."

"तिथेच चुकतंय. सगळं काढायचं नसतं. जखम कशी भरते माहीत आहे? आतून वर. वरची कातडी घाईने बंद झाली की आत पू कोंडतो, मग परत उघडावी लागते. तुमच्या केळ्याचंही तेच झालं. वरून घाईने सुकलं, आतलं पाणी अडकलं. आमची आई दिवसभर ऊन द्यायची आणि सूर्य कलला की सगळी गोळा करून, फडक्यात गुंडाळून टोपलीत झाकायची. मग आतला ओलावा हळूहळू वर येतो. त्याला ती घाम म्हणायची. सकाळी उघडायची, वारा द्यायची, पुन्हा ऊन. हवा फार ओली तर बुरशी, फार कोरडी तर लाकूड. पन्नास-साठ टक्क्यांच्या मध्ये राहिलं की झालं."

चोवीस वर्षं ओलावा मोजणाऱ्या माणसाला ओलाव्याचा हा धडा एका परिचारिकेने चहाच्या कपावर दिला. हॅरी मान डोलवत राहिला. त्यातलं अर्धं त्याने ऐकलं. उरलेला वेळ तो तिच्या हातांकडे बघत होता.

"चौथी खेप लावा," ती म्हणाली. "मी साडेपाचला ड्यूटीवरून सुटते. रोज फोन करून आकडा सांगा. मी पेशंटसारखा चार्ट ठेवते."

रोज! हॅरीला स्वर्ग दोन बोटं उरला.

ऑक्टोबर लागला, हवा शहाण्यासारखी वागू लागली. हॅरीने केळी उन्हात घातली, चार वाजता गोळा केली, मार्थाच्या जुन्या सुती चादरीत गुंडाळून डब्यात ठेवली. चादर काढताना क्षणभर हात थबकला. मग त्याने ठरवलं, मार्था असती तर तिनेच काढून दिली असती, वर चिडवलंही असतं. आत त्याने स्वतःचं ओलावा मोजायचं छोटं यंत्र ठेवलं. साडेपाचला फोन.

"अठ्ठावन्न टक्के," तो म्हणायचा.

"घाम आला?"

"आला, आला! छान आला."

आणि मग ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी बोलणी. वॉर्डात आज काय झालं, आगाशीला पूर्वी सुकेळी वाळवायचे मांडव कुठे असायचे, भाऊ मेलबर्नहून काय म्हणतो. पाच मिनिटांचा फोन पाऊण तासावर गेला. हॅरी प्लांटमध्ये गाणी म्हणत फिरू लागला. एकदा तर त्याने गॅसच्या रोजच्या तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात 'छान घाम सुटला' असं लिहून ठेवलं. साहेबाला मराठी येत नव्हतं म्हणून वाचला.

आठव्या दिवशी त्याने डबा उघडला. तांबूस, चकचकीत. बोटाने दाबलं तर दबलं आणि हळूच परत वर आलं. एक तुकडा तोंडात टाकला. नंदाखाल, शाळेची सुट्टी, चिकट बोटं, सगळं एकदम जिभेवर आलं. सुकेळी झाली होती!

साडेपाचला फोन लावला. तिने विचारलं, "आकडा?"

हॅरीने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, झाली म्हणून सांगितलं की उद्यापासून फोन नाही. "सत्तर," तो म्हणाला. "अचानक दमट झालीय हवा. अजून वेळ लागेल."

"अरेरे," क्रिस्टीना म्हणाली. "इन्शाल्ला, उद्या उतरेल."

उद्या त्याने बहात्तर केला. परवा अडुसष्ट. असे सहा दिवस. बाहेर आभाळ निरभ्र, हवा खणखणीत, आणि हॅरीच्या फोनवर मात्र पावसाळा. शिवराज डब्यातली सुकेळी चोरून खात म्हणायचा, "काका, बाई निघून जाईल अन् तुम्ही आकडेच सांगत बसाल." हॅरीलाही ते कळत होतं. पण विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? त्यापेक्षा बहात्तर टक्के बरे.

त्या शुक्रवारी क्रिस्टीना मिस्साला आली नाही. हॅरीने चहा घेतला नाही, फोन केला तर बंद. दुपार कलेपर्यंत तो चर्चच्या आवारात वाट बघत थांबला. मेलबर्नला लवकर निघाली असणार! परतीचे ऐंशी किलोमीटर तो कसे आला त्याचं त्याला ठाऊक.

घरासमोर एक छोटी पांढरी गाडी उभी होती आणि पायरीवर क्रिस्टीना. भिंतीवरून शिवराज तिला पाणी देत होता. हॅरीला बघताच तो भिंतीमागे गडप झाला.

"दाखवा," ती म्हणाली.

"अजून कच्ची आहेत. ओलावा..."

"दाखवा, हॅरी."

त्याने डबा आणला. आत निम्मीच उरली होती. तिने एक उचललं, वास घेतला, चावलं आणि डोळे मिटले. तुकडा सावकाश संपवला. मग म्हणाली, "ही आठवडा झाला तयार होऊन."

हॅरीने मान खाली घातली. "झाली म्हटलं असतं, तर तुमचा फोन थांबला असता."

"दुखानची हवा मला मोबाइलवर दिसते. पहिल्याच दिवशी कळलं होतं. सत्तर म्हणे!"

"मग तुम्ही रोज फोन का घेत होतात?"

तिने दुसरं सुकेळं उचललं. "सकाळी वॉर्डात जादा ड्यूटी होती, फोन बंद, म्हणून मिस्सा चुकला. कॉन्ट्रॅक्ट मी परवाच वाढवून घेतलं. दोन वर्षं. भावाला कळवलंय."

हॅरी पायरीवर बसला. "परवा? पण सुकेळं तर तुम्ही आत्ता खाल्लंत!"

"मग?" क्रिस्टीना त्याच्या शेजारी टेकली. "खाऊन ठरवलं असतं, तर लग्न सुकेळ्याशी करावं लागलं असतं."

भिंतीपलीकडे शिवराजच्या हातून काहीतरी खळ्ळकन फुटलं. हॅरीने डबा तिच्यापुढे सरकवला.